शहराला पाच वर्षांसाठी माणूस द्या

2021 च्या जुलैत पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर 56 फुटांच्या वर गेले. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतात. पावसाळ्यात सकाळी चहाच्या आधी ‘पाणी किती फुटावर आलं’ हे विचारायची इथे सवयच आहे. 2019 च्या महापुराचा गाळ भिंतींवरून पुरता उतरला नव्हता तोवर दुसरा महापूर आला. सुतारवाडा रिकामा झाला, शाहूपुरीत आणि नागाळा पार्कात पाणी शिरले, नदीकाठची उपसा केंद्रे बुडाली, आणि चारी बाजूंनी पाण्याने वेढलेल्या शहरात प्यायच्या पाण्यासाठी टँकरमागे धावाधाव सुरू झाली. तालमींची पोरे छातीएवढ्या पाण्यात उतरली होती. अधिकारी, सफाई कामगार, अग्निशमन दलाचे जवान रात्रंदिवस राबत होते. त्या दिवसांत शहराला महापौर नव्हता. 81 पैकी एकही नगरसेवक पदावर नव्हता.

नोव्हेंबर 2020 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, प्रशासक बसले आणि पुढच्या मतदानाला 2026 चा जानेवारी उजाडला. एका सभागृहाचे सगळे आयुष्य पाच वर्षांचे असते. तेवढा काळ, किंबहुना त्याहून थोडा जास्तच, हे शहर लोकांनी निवडलेल्या एकाही माणसाशिवाय चालले. राज्यघटनेचे 243 यू हे कलम स्पष्ट सांगते की मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागरचनेचे वाद, सरकारांचे बदल ही कारणे आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. ती खरीही आहेत. तरी पाच वर्षे फार झाली.

मला मात्र त्याहून एक वेगळी गोष्ट जास्त खुपते. महापौर नसल्याचे शहराला फारसे जाणवलेच नाही. प्रभागातला नगरसेवक नसल्याचे जाणवले. गटार तुंबली, दिवा गेला, दाखल्यावर सही हवी, की लोकांना त्याची आठवण व्हायची. महापौराची आठवण कोणी काढली नाही. एखादे पद पाच वर्षे रिकामे राहावे आणि त्याची उणीव कुणाला भासू नये, याचा अर्थ ते पद आपण आधीच पोकळ करून ठेवले होते. या लेखात मला त्याबद्दलच बोलायचे आहे.

कायद्यात महापौराची मुदत अडीच वर्षांची आहे. मुळात तीच अपुरी. पण 2015 ते 2020 या पाच वर्षांत कोल्हापुरात अर्धा डझनाहून जास्त महापौर झाल्या. निलोफर आजरेकर या त्यातल्या शेवटच्या. काहींना वर्ष मिळाले, काहींना सहा महिने, काहींना तेवढेही नाहीत. हे कसे घडते ते शहरात सर्वांना ठाऊक आहे. सत्ता आघाडीची असते, आघाडीत इच्छुक अनेक असतात, आणि नाराज कोणालाच करायचे नसते. मग नेते बसून मुदत वाटतात. ठरलेला दिवस आला की राजीनामा मागायचा, तो आला नाही की दटावायचे, आला की पुन्हा निवडणूक, पुन्हा नगरसेवकांची सहल, पुन्हा गुलाल. नवीन महापौरांचा पहिला महिना सत्कारात जातो. दुसऱ्या महिन्यात खात्यांची ओळख होते. पाणीपुरवठ्याची थकबाकी किती, केएमटीचा, म्हणजे महापालिकेच्या बससेवेचा, तोटा कुठून येतो, कचऱ्याचा ठेका कधी संपतो, हे समजायला लागते न लागते तोच पुढच्या नावाची चर्चा सुरू होते.

त्या पाच वर्षांतल्या सगळ्या महापौर महिला होत्या, ही गोष्ट मला विशेष लागते. आरक्षणाने महिलांना सर्वोच्च खुर्ची मिळाली आणि त्याच वेळी त्या खुर्चीचे तुकडे करून वाटायची रीत पक्की झाली. बाईला फाइल वाचायला वेळ द्यायचा नाही आणि नंतर ‘त्यांना कुठे काय कळतं, कारभार नवराच बघतो’ म्हणायचे, हा अन्याय आपल्या शहराने उघड्या डोळ्यांनी केला. पुरुषालाही सहा महिन्यांत महापालिका कळत नाही. प्रभाग सांभाळून, घर सांभाळून, पहिल्यांदाच निवडून आलेल्या बाईला सहा महिने देणे म्हणजे तिच्याकडून कामाची अपेक्षाच नाही असे जाहीर करणे होय.

मी जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपालिकेच्या गावात वाढलो. तिथल्या एका नगराध्यक्षांविषयी सांगतो. नाव सांगत नाही, गावात सगळे त्यांना अण्णाच म्हणत. अण्णा तालमीतून वर आले. आधी गणेशोत्सवाचे मंडळ, मग सेवा सोसायटीची निवडणूक, मग नगरसेवक. दोनदा नगरसेवक झाल्यावर पाणीपुरवठा समितीचे सभापती झाले, आणि तिथे त्यांना खरे काम सापडले. गावाला एक दिवसाआड पाणी यायचे. कुठली गल्ली चढावर आहे, कुठल्या व्हॉल्व्हला किती फेरे द्यावे लागतात, कुठे जुनी बिडाची पाइप मातीने अर्धी भरली आहे, हे त्यांना व्हॉल्व्हमनइतकेच ठाऊक होते. 2001 मध्ये नगराध्यक्षाची निवड थेट लोकांतून झाली, तेव्हा अण्णा निवडून आले. सभागृहात बहुमत विरुद्ध गटाचे होते.

मी तेव्हा कॉलेजात होतो. सकाळी सहाच्या एसटीला निघालो की अण्णा टाकीकडून सायकलवर परतताना दिसायचे. एकदा कोपऱ्यावरच्या एका वहिनींनी त्यांना अडवले. “अध्यक्ष, आज पानी हाय का न्हाई?” अण्णा सायकलवरून उतरले आणि म्हणाले, “साडेसहाला सुटतंय वहिनी, मी टाकीवरनंच आलोय. तुमच्या गल्लीला पंधरा मिनिटं उशीर हुईल, लाइनला हवा धरलीया.” पंधरा मिनिटे उशीर होईल हे सांगणारा नगराध्यक्ष. मला आजही त्या उत्तरात कारभाराचे मोठे मर्म दिसते. त्या बाईला आश्वासन नको होते, खरी वेळ हवी होती. ती सांगता येणारा माणूस गावाच्या सर्वांत वरच्या खुर्चीत बसलेला होता.

अण्णा साधुसंत नव्हते. आपल्या गटाच्या पोरांना त्यांनी नगरपालिकेत रोजंदारीवर चिकटवले. बाजाराच्या जागेत ओळखीच्यांना झुकते माप दिले. विरोधी बहुमताने विषयपत्रिका अडवली की ते सभा तहकूब करत, आणि त्यात गावाची काही कामे वर्ष-वर्ष रखडली. मधे त्यांना आमदारकीची स्वप्ने पडू लागली. आमच्या जिल्ह्यात ही शिडी ठरलेली आहे. कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक, मग विधानसभा. अण्णांच्या हाती यातले काहीच नव्हते, फक्त एक छोटी नगरपालिका होती. तिकीट मिळाले नाही, बंडखोरी केली, आपटले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा टाकीवर दिसले. पुढे पाणी योजनेचे कर्ज फेडण्यासाठी त्यांनी पाणीपट्टी वाढवली, आणि गावाने त्यांच्या पॅनेलला धडा शिकवला. मीही तेव्हा त्यांच्या विरोधात मत दिले. वाढ योग्य होती की नव्हती यावर आमच्या घरात आजही वाद होतो.

तरीही गावाकडे एक गोष्ट होती, जी आज कोल्हापूरसारख्या साडेपाच लाख वस्तीच्या शहराकडे नाही. चांगल्या-वाईटाचा हिशेब कोणाकडे मागायचा हे गावाला माहीत होते. पाणी आले तर अण्णांमुळे, पट्टी वाढली तरी अण्णांमुळे. श्रेयही एका माणसाचे, शिक्षाही एकाच माणसाला. लोकांना एखाद्याला हरवायचे असेल, तर आधी त्याला काम करण्याइतका वेळ मिळालेला असावा लागतो.

कोल्हापुरात हा हिशेब मांडून पाहा. काळम्मावाडीच्या धरणातून थेट पाइपलाइनने पाणी आणायची मागणी किती जुनी आहे हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पंचगंगा प्रदूषित झाली, कावीळ पसरली की ही मागणी पुन्हा वर यायची. 2013 मध्ये योजना मंजूर झाली, पाचशे कोटींच्या घरातली, सुमारे 53 किलोमीटर लांबीची. पाणी आले 2023 च्या दिवाळीत. या दहा वर्षांत खुदाईवरून वाद झाले, वनखात्याच्या परवानग्या अडल्या, मुदतवाढीवर मुदतवाढ झाली. महापौर किती बदलले आणि नंतर प्रशासक किती बदलले याची मोजदाद कोणी ठेवली नाही. दिरंगाई कोणामुळे झाली हे विचारायचे कोणाला? ज्यांच्या काळात काम सुरू झाले त्या कधीच माजी झाल्या, ज्यांच्या काळात रखडले त्याही माजी, आणि पाणी आले तेव्हा खुर्चीत कोणीच नव्हते. योजनेचे श्रेय आणि दोष दोन्ही आमदार-मंत्र्यांच्या पातळीवर वाटले गेले. शहराच्या सर्वांत मोठ्या कामात शहराच्या पहिल्या नागरिकाला स्थानच नव्हते.

टोलचे त्याहून वेगळे झाले असे नाही. शहरातले 49 किलोमीटर रस्ते खासगी कंपनीकडून बांधून घ्यायचे आणि बदल्यात 30 वर्षे टोल भरायचा, या प्रकल्पाला महापालिकेची संमती होती. नाके उभे राहिले तेव्हा शहर पेटून उठले. एन. डी. पाटील उतारवयात रस्त्यावर आले, गोविंद पानसरे आले, पेठापेठांतून मोर्चे निघाले. 2015 च्या अखेरीस सरकारला टोल रद्द करावा लागला. तो विजय कोल्हापूरकरांचा होता आणि त्याचा मला अभिमान आहे. पण एवढा मोठा करार शहराच्या गळ्यात कसा पडला याचे उत्तर द्यायला कोणी उभे राहिले नाही. प्रत्येकाचा काळ थोडाथोडा होता, प्रत्येकाची जबाबदारीही थोडीथोडी. वाटून घेतलेली जबाबदारी शेवटी कोणाचीच राहत नाही, हे त्या वर्षांत आपण भोगले.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मी हलका मानत नाही. पद वाटल्यामुळे अनेक समाजांना, अनेक पेठांना, साध्या घरातल्या माणसांना संधी मिळाली, असे म्हणतात. ज्या शहरात शाहू महाराजांनी 1902 मध्ये नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, तिथे संधी वाटण्याला विरोध करायचा का? माझे उत्तर असे की महाराजांनी जागा दिली ती काम करण्यासाठी दिली. नेमलेल्या माणसाने सहा महिन्यांनी दुसऱ्यासाठी खुर्ची रिकामी करावी, असा त्यांचा हेतू नव्हता. राधानगरीचे धरण त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले आणि ते पुरे झाले स्वातंत्र्यानंतर. पाण्याचे काम किती लांबचे असते हे या संस्थानाला कोणी शिकवायला नको. मागास समाजातल्या बाईला महापौर करायचे तर तिला पूर्ण मुदत द्या, तिच्या सहीला वजन द्या. नुसते माजी महापौर म्हणवून घेण्याचा मान देऊन तिच्या समाजाचे काय भले झाले?

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे, आणि तो जास्त अवघड आहे. महापौराला पूर्ण मुदत दिली तरी तो करणार काय? महानगरपालिकांच्या 1949 च्या कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे दिले आहेत. पैशाच्या नाड्या स्थायी समितीकडे. महापौर सभा चालवतो, पाहुण्यांचे स्वागत करतो, वेळप्रसंगी निर्णायक मत देतो. छोट्या नगरपालिकेच्या नगराध्यक्षाला कारभारात महापौरापेक्षा जास्त हात घालता येतो, ही आपल्या राज्यातली विचित्र उतरंड आहे. पन्हाळ्यासारख्या तीन-चार हजार वस्तीच्या गावाला आपला अध्यक्ष थेट निवडता येतो, आणि कोल्हापूरला येत नाही. नगराध्यक्षाच्या बाबतीतही सरकारांनी खेळ केलाच. 2001 ला थेट निवड, पुढे सदस्यांतून, 2016 ला पुन्हा थेट, 2020 ला पुन्हा सदस्यांतून, 2022 ला पुन्हा थेट. ज्याला जे सोयीचे वाटले ते त्याने केले. पण महानगरपालिकांना थेट महापौर द्यायचे कोणाच्याच सोयीचे ठरले नाही. मुंबईत 1998 मध्ये महापौर परिषदेचा, म्हणजे कारभाराचे अधिकार महापौर आणि त्याच्या परिषदेकडे देण्याचा, प्रयोग करून पाहिला, तो वर्षभरात गुंडाळला.

का गुंडाळतात, हे समजून घ्यायला हवे. पाच वर्षे टिकलेला, लोकांनी थेट निवडलेला, हातात अधिकार असलेला महापौर हा आमदाराला आणि पालकमंत्र्याला शहरातला दुसरा सत्तेचा धनी वाटतो. त्याचे नाव वाढते. 1997 मध्ये नागपूरचे महापौर झालेले देवेंद्र फडणवीस 2014 मध्ये मुख्यमंत्री झाले. शहर चालवता चालवता माणूस घडतो, हे आपल्या देशात नवे नाही. वल्लभभाई पटेल 1924 ते 1928 अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते, आणि 1927 च्या गुजरातमधल्या महापुरात त्यांनी मदतकार्य उभे केले. बारडोलीचे सरदार व्हायच्या आधी ते गटारे, पाणी आणि पूर यांत मुरलेले होते. पुण्याच्या नगरपालिकेत महात्मा फुले सदस्य होते, आणि व्हाइसरॉयच्या स्वागतावर लोकांचा पैसा उधळायला त्यांनी विरोध केला होता. नगरपालिकेचे सभागृह ही त्यांच्या लेखी कमी प्रतीची जागा नव्हती.

आपल्याकडे ती कमी प्रतीची ठरली, यात पुढाऱ्यांइतकाच दोष आपला मतदारांचा आहे. आपण नगरसेवकाला गल्लीपुरते पाहतो, आमदाराला साहेब म्हणतो, आणि मधल्या शहराला मालकच ठेवत नाही. अण्णा आमदारकीला पडले तेव्हा आमच्या गावात लोक हळहळले, ‘बिचारा नगराध्यक्षच राहिला’ म्हणाले. त्या ‘च’मध्ये आपली सगळी समजूत आहे. वीस हजार माणसांना वेळेवर पाणी देणे हे कर्तबगारीचे शिखर असू शकते, असे आपल्याला वाटतच नाही. म्हणून मग ज्याच्यात धमक आहे तो महापौरपदाकडे पायरी म्हणून बघतो, आणि ज्याच्यात नाही त्याला ते समाधानापुरते दिले जाते.

थेट निवडीचे धोके मला दिसतात. पैसा जास्त ओतला जाईल. सभागृह एका गटाचे आणि महापौर दुसऱ्या गटाचा झाला तर अण्णांच्या काळी झाली तशी अडवाअडवी होईल. तरी मी थेट निवडीच्या, पाच वर्षांच्या मुदतीच्या आणि आयुक्ताच्या अधिकारांतला ठरावीक वाटा महापौराला देण्याच्या बाजूने आहे. भांडण झाले तर ते उघड सभागृहात होईल, आणि कोणी अडवले हे लोकांना दिसेल. राजीनाम्याचे भांडण बंद दाराआड होते, त्यातून लोकांना काहीच कळत नाही.

कायदा मुंबईत बदलतो, त्याला वेळ लागेल. पण मुदत वाटायची रीत कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. ती इथेच, कोल्हापुरात, चार-पाच नेत्यांच्या बैठकीत जन्मली आणि इथेच थांबवता येते. 1972 मध्ये महापालिका झाली तेव्हाची 66.82 चौरस किलोमीटरची हद्द घेऊन हे शहर पन्नास वर्षे चालले. हद्दवाढीचा प्रश्न निवडणुकीपुरता वर येतो आणि मग विरतो, कारण शहरालगतच्या गावांशी बसून, त्यांच्या शेतीची, घरपट्टीची, ग्रामपंचायतीची भीती ऐकून घेऊन वर्ष-दोन वर्षे बोलणी करील असा माणूस शहराकडे कधी टिकलाच नाही. पुराच्या रेषेत किती बांधकाम होऊ द्यायचे, हेही एका पावसाळ्यात सुटणारे काम नाही.

पाच वर्षांच्या खंडानंतर लोकांनी पुन्हा सभागृह निवडले आहे. माझे मागणे एवढेच आहे की महापौराच्या खुर्चीत जी व्यक्ती बसेल, तिने आणि तिच्या पक्षाच्या नेत्यांनी भर सभेत सांगावे की कायद्याने दिलेली अडीच वर्षे ती पूर्ण करील, आणि राजीनाम्याची कोणतीही बोली झालेली नाही. हे इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. पुढच्या जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना आले की सुतारवाड्यातल्या माणसाला कोणाला हाक मारायची ते ठाऊक असले पाहिजे, आणि 43 फुटांनाही खुर्चीत तीच व्यक्ती असली पाहिजे.